नोटेवरचा उठाव

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या वडिलांनी बिबवेवाडीतल्या डेअरीवर शंभराची समजून पाचशेची नोट दिली. दुकानदाराने ती परत केली. "काका, दूधच हवंय ना? का म्हैसच घेऊन जाताय?" वडिलांनी दुसरी नोट काढली. तीही पाचशेची होती.

काचबिंदूने त्यांची दृष्टी त्याआधीच गेली होती. दूध आणणे हे एकच काम ते एकटे करत. सोसायटीच्या फाटकातून डावीकडे, भिंतीच्या कडेने. रस्ता ओलांडावा लागत नसे. मी सोबत येतो म्हटले की चप्पल काढून परत आत बसत.

नोकरीभर ते बाहेरगावी, नोटा छापणाऱ्या सरकारी कारखान्यात होते. तिथे आधी कागदावर फिक्या रंगांची नक्षी छापतात. मग धातूच्या कोरलेल्या पत्र्यात दाट शाई भरून त्यावर कागद प्रचंड दाबाने दाबतात. कागद खाचांत शिरतो, शाई उचलतो, आणि वाळल्यावर ती बोटाला लागते. वडील त्याला 'उठाव' म्हणत. शेवटी क्रमांक पडतात आणि ताव कापून नोटा होतात. अंधांसाठी शंभराच्या नोटेवर त्रिकोण आणि पाचशेच्या नोटेवर वर्तुळ असते, तेही उठावाचेच. वडील छापलेले ताव तपासत. घरी लग्नपत्रिका आली तरी आधी अंगठा फिरवून "उठाव नाही" म्हणत, मग लग्न कोणाचे ते विचारत.

त्या सकाळी घरी येऊन ते म्हणाले, "हल्ली दाब कमी ठेवतात."

मी बँकेतून शंभराच्या आणि पाचशेच्या कोऱ्या नोटा आणल्या. माझ्या बोटाला त्रिकोण लागत होता, वर्तुळही. त्यांनी अंगठा फिरवला, मग तर्जनी, मग दुसरा हात.

"यांनाही नाही," ते म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्या बोटांना सुई टोचून पाहिली. मधुमेहाने नसा गेल्या होत्या.

"गेलेली संवेदना परत येईल असं मी सांगणार नाही. आहे ती टिकवू."

"आहे किती, तेवढं सांगा," वडील म्हणाले. डॉक्टर औषधे लिहीत राहिले.

पाचशेच्या नोटा घडी घालून ठेवू, शंभराच्या सरळ, असे मी सुचवले.

"घडी? नोटेला?"

कारखान्यात दुमडलेला ताव बाद होई. निवृत्तीनंतरही त्यांनी खिशात कधी नोट कोंबली नाही. पुठ्ठ्याच्या लांब पाकिटात त्या सपाट असत. ते आंघोळीला गेले असताना मी पाचशेच्या नोटा दुमडून ठेवल्या. संध्याकाळी त्या सरळ केलेल्या सापडल्या, जाड शब्दकोशाखाली.

मग मी पाकिटात फक्त शंभराच्या नोटा ठेवल्या आणि तसे त्यांना सांगितले.

"म्हणजे मला खाऊचे पैसे," ते म्हणाले आणि पाकीट माझ्या हातात दिले.

त्यानंतर ते डेअरीवर गेलेले नाहीत. दुधाची पिशवी सकाळी दाराच्या कडीला अडकवलेली असते. पैसे मी फोनवरून भरतो.