तिसरी प्लेट

माझं काम जंतू वाढवायचं आहे. माझ्या गावी, संतपूरला, आई शेजारणींना सांगायची, "पोरगी दवाखान्यात जंतू पाळायलीय म्हणं." वडील शाळेत मास्तर होते. ते दर वेळी तिला समजावायचे की रोग्याच्या रक्तात कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधानं मरतो, हे शोधायचं काम आहे. आई ऐकून घ्यायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच सांगायची.

कलबुर्गीच्या ज्या दवाखान्यात मी काम करते तिथं आमची लॅब आणि नवजात बाळांची खोली एकाच मजल्यावर आहेत. मधे व्हरांडा. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, कमी वजनाची बाळं काचेच्या दाराआड असतात, आणि त्यांच्या आया बाहेर चटईवर. मला बाळं कधी दिसत नसत, त्यांचं रक्त तेवढं यायचं. ते बाटलीत घालून उबेला ठेवायचं आणि त्यात काही वाढलं की प्लेटवर पसरायचं. प्लेट म्हणजे तळहाताएवढी उथळ डबी, तळाला जेलीसारखा थर. त्यावर औषधांच्या छोट्या गोल चकत्या ठेवतो. दुसऱ्या दिवशी ज्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसेल ते औषध लागू पडणार. जंतू चकतीला खेटून वाढले असतील तर ते औषध बाळाला देऊन उपयोग नाही.

त्या वर्षी एका बाळाच्या प्लेटवर जवळजवळ कुठंच वर्तुळ उमटलं नाही. एका चकतीभोवती काय ते पुसटसं. असं अधूनमधून होतं. मी रिपोर्ट लिहून पाठवला. आठवड्याच्या आत दुसऱ्या बाळाची प्लेट आली, तीही तशीच. तोच चिकट, गुलाबी जंतू, त्याच औषधांना न जुमानणारा. मी दोन्ही प्लेटा शेजारी ठेवून पाहिल्या. बाळं दोन वेगळ्या गावांची होती आणि जंतू एकच होता, म्हणजे तो त्या खोलीतच कुठंतरी होता. हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, ते मी आज नाकारत नाही. पण तो शुक्रवार होता आणि चिटगुप्प्याला चुलतबहिणीचं लग्न होतं. आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमना आल्यावर सांगू म्हटलं. लग्न झालं, पाहुणे लावून द्यायला आणखी एक दिवस गेला. मंगळवारी परतले तर टेबलावर नमुन्यांचा ढीग साचला होता, आणि मी विसरले. विसरले हा शब्द लिहायला जड जातो, पण दुसरा शब्द नाही.

ती मुलगी त्या लग्नाच्या शनिवारी जन्मली होती.

तिच्या आईची ओळख रिपोर्टाच्या खिडकीवर झाली. मी फोनवर आईशी मराठीत बोलत होते. ते ऐकून ती पुढं आली. "अक्का, तुम्ही आमच्या बाजूच्या दिसायलाव." विशीतली असेल. करजगीजवळच्या एका खेड्यातली, नवऱ्याची शेती. पहिलंच बाळंतपण, तेही आठव्या महिन्यात. पहिले चार दिवस मुलगी बरी होती, रडायचीही चांगली. सिस्टर म्हणाल्या होत्या, उद्या तुझ्या छातीशी द्यायचं. पण तो उद्या म्हणजे गुरुवार, आणि गुरुवारी मुलीनं दूध घेणं सोडलं. पोट फुगलं, हातपाय गार पडले. तिचं रक्त माझ्याकडं आलं.

"कागद कधी येईल?" तिनं विचारलं.

"दोन दिवस लागतील गं."

"दोन दिस ती दम काढंल का?"

"औषध सुरू केलंय त्यांनी," मी म्हणाले. कोणतं औषध सुरू केलंय ते मला माहीत होतं. मागच्या दोन प्लेटांवर त्याचा काही इलाज चालला नव्हता, हेही तेव्हाच आठवलं. पण हिचा जंतू तोच आहे हे प्लेट उघडल्याशिवाय कसं सांगायचं, म्हणून थांबले.

सासू तिच्यासोबत होती. वाईट बाई नव्हती, घाबरलेली होती. चटईशेजारी जो बसेल त्याला सांगायची, "सातव्या महिन्यात ही सुतकाच्या घरी गेली. म्या नगं म्हणलं होतं." शुक्रवारी तिनं नवं काढलं, सुनेच्या दुधातच दोष आहे. त्या दिवसापासून मुलीसाठी वाटीत काढलेलं दूध आत जाईना.

सून माझ्याकडं आली. "अक्का, माझ्या दुधातनं गेलं आसंल का?"

"न्हाई. दूध काढून आत दे, सिस्टर नळीतनं देतील."

"आत्याबाई देऊ देइनात." मोरीत ओतून आले, असं तिनं खाली बघत सांगितलं.

शनिवारी तिसरी प्लेट उघडली. तीही तशीच. जुन्या दोन प्लेटा मी फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. तिन्ही घेऊन मॅडमकडं गेले. त्यांनी खिडकीच्या उजेडात एकेक धरून पाहिली.

"दुसरी आली तेव्हा का नाही सांगितलं?"

"बहिणीचं लग्न होतं, मॅडम."

त्या रागावल्या नाहीत. फोन उचलून बाळांच्या डॉक्टरांशी बोलल्या. औषध बदललं गेलं, आणि तासाभरात आम्ही दोघी त्या खोलीत नमुने घ्यायला गेलो.

आत एका सिस्टरवर चौदा बाळं होती, ऊब देणाऱ्या एकेका पाळण्यात दोन दोन. मी नळ, बेसिन, वजनाचा काटा, पाळण्याच्या कडा कापूस लावलेल्या काड्यांनी पुसल्या आणि त्या काड्या नळ्यांत भरल्या. मग हातांची पाळी आली. सिस्टरनं दोन्ही तळवे पुढं केले. स्पिरिटनं कातडं उललं होतं. ती बीदरची, मराठीतच म्हणाली, "घे बाई. माझ्या हातानं गेलं आसंल तर मलाबी कळू दे."

ऑक्सिजन बाळाला जाण्याआधी पाण्याच्या एका बाटलीतून बुडबुडत जातो. मॅडमनी विचारलं, "यात पाणी कुठलं घालता?"

"उकळून गार केलेलं." मग ती हळू आवाजात म्हणाली, "ते संपलं की नळाचं."

त्या दिवशी मी त्या मुलीला पहिल्यांदा पाहिलं. राखेसारखा रंग झाला होता. नाकात नळी, पायाला आईच्या नावाची पट्टी. प्लेटवर मी तिला ओळखत होते, पण तिला इतकी छोटी बोटं असतील हे मनात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती गेली.

मी कामावर होते. व्हरांड्यात रडणं ऐकू आलं, आणि मग त्यावरून सासूचा आवाज. "सुतकाच्या घरी गेलीस. पोटातच लागिर झालं लेकराला." सून रडत नव्हती. भिंतीला पाठ लावून बसली होती, आणि मान हलवत होती, जणू तेच खरं आहे. ते मला बघवेना. हातमोजे काढले, हात धुतले आणि बाहेर गेले.

"मावशी, पोरीनं हे पोटातनं आणलं न्हाई. दुधातनं बी गेलं न्हाई. हे हितं लागलंय."

सासू माझ्याकडं वळली. "हितं? दवाखान्यात?"

"व्हय. आणखी दोन लेकरांना हेच झालंय. तुमच्या सुनेचा यात काही दोष न्हाई."

"मग आमाला हितं कामून धाडलं? गावातला डॉक्टर म्हणला, हितं नेलं तर वाचंल."

डॉक्टरचंही खोटं नव्हतं. खेड्यात ठेवली असती तर ती पहिल्याच दिवशी गारठून गेली असती.

सुनेचा नवरा इतका वेळ खांबाशी उभा होता. त्यानं शांतपणे विचारलं, "हे लिहून देता का?"

मी नाही म्हणाले. रिपोर्टवर जंतूचं नाव असतं, तो कुठून आला ते नसतं, असं काहीतरी पुटपुटले. त्यानं मान डोलावली आणि मुलीला कपड्यात गुंडाळून घ्यायला आत गेला. त्यांना मिळालेल्या कागदावर कमी वजन आणि जंतुसंसर्ग एवढंच लिहिलं होतं.

सोमवारी नमुन्यांच्या प्लेटा उघडल्या. ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पाण्यात आणि बेसिनच्या नळावर तोच जंतू होता. सिस्टरचे हात स्वच्छ निघाले. ते मी तिला लगेच जाऊन सांगितलं. खोली रिकामी करून धुतली, बाटल्या टाकून नव्या आणल्या, उकळलेल्या पाण्याची वेगळी सोय झाली, आणखी एक सिस्टर आली. आधीच्या दोन बाळांपैकी दुसरं त्याच आठवड्यात गेलं. पहिलं वाचलं.

मॅडमनी मला बोलावून घेतलं. व्हरांड्यातली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"तू खोटं बोलली नाहीस. पण ते सांगणं तुझं काम नव्हतं."

"मग कुणाचं होतं, मॅडम?"

"माझं होतं," त्या म्हणाल्या. "जा, काम कर."

त्यानंतर मी प्लेटा साठवून ठेवत नाही. एकसारख्या दोन दिसल्या की हातातलं काम टाकून वर सांगायला जाते. बहुतेक वेळा त्यातून काही निघत नाही आणि लोक वैतागतात. दोनदा निघालं.

दीड वर्षानं करजगीकडची ती सून पुन्हा खिडकीवर आली. पोट दिसत होतं. सासू मागं उभी होती, सुनेची पिशवी तिनं स्वतःकडं घेतली होती.

"अक्का, या खेपेला कुठं जाऊ सांगा."

"दिवस भरले तर तालुक्याच्या दवाखान्यात जा. आधीच कळा आल्या तर मात्र हितंच यावं लागंल. एवढ्याशा लेकराला ठेवायची सोय जवळ दुसरीकडं न्हाई."

ती काचेच्या दाराकडं बघत राहिली.

"लेकराला हात लावायच्या आधी हात धुवा, असं सगळ्यांना म्हणायचं," मी सांगितलं. "डॉक्टर असले तरी."

"म्या म्हणलं तर ऐकतील?"

"रागावतील. तरी म्हण."

ती आमच्याकडं आली नाही. दोन महिने मी रोज सकाळी त्या खोलीचं रजिस्टर बघत होते. करजगीकडचं नाव दिसलं नाही. ती तालुक्याला बाळंत झाली की आणखी कुठं, आणि बाळ कसं आहे, मला माहीत नाही. तिचा फोन नंबर मी घेतला नव्हता.