रविवारची गोळी

बोर्गहिल्ड टांगेनला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. फ्लोरो या बंदरगावाच्या आसपास तिनं उभी हयात शाळेची बस चालवली. निवृत्त झाली, नवरा गेला, तरी दिवसभर ती एकतर घरात नाहीतर धक्क्यावर फिरत असायची. हाडं ठिसूळ झाल्याचं निघालं आणि आठवड्याची एक गोळी मागे लागली, तेव्हा तिला हाडांपेक्षा जाच झाला तो त्या गोळीच्या नियमांचा. रविवारी उठल्याबरोबर ती नुसत्या पाण्याशी घ्यायची. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, कॉफीसुद्धा नाही. तेवढा वेळ ती स्वयंपाकघरात येरझारा घालायची.

त्या हिवाळ्यात तिचे शब्द निसटायला लागले. हातात चाळणी असायची आणि तिचं नावच आठवायचं नाही. एकदा गाडी घेऊन निघाली, आणि जिथं वर्षानुवर्षं बस वळवली त्याच वळणावर थांबून राहिली. डावीकडे की उजवीकडे? मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा अंदाजानं वळली. रस्ता बरोबर निघाला.

चर्चनंतरच्या कॉफीला तिची मैत्रीण आस्लाउग म्हणाली, "अगं, त्या हाडांच्या गोळ्या डोकं खातात. माझ्या वहिनीचं बघ की. गोळ्या सुरू झाल्या आणि नातवाला ओळखेनाशी झाली."

बोर्गहिल्डला ते पटलं. खरं तर हायसंच वाटलं. दोष गोळीचा असेल तर गोळी सोडता येते. तिनं पाकीट शिवणाच्या डब्यात तळाशी ढकललं. मुलगी इंगुन फोनवर विचारायची, "गोळी घेतलीस ना, आई?"

"घेतली गं बाई. आता दर वेळी तेच विचारणार का?"

पण शब्द काही परत येईनात. ती आणखीच बेचैन झाली. रात्री उठून गल्ल्यांची नावं म्हणून बघायची, एखादं अडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मार्चमध्ये टपालपेटीपाशी बर्फावरून पाय घसरला. पडणं साधंच होतं, पण मनगट मोडलं.

"गोळ्या चालू होत्या ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नव्हत्या." शेजारी बसलेली इंगुन बघतच राहिली. "त्या गोळ्यांनीच माझं डोकं बिघडवलं," बोर्गहिल्ड म्हणाली.

"त्या गोळीनं विसरायला होतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उलट थोडा फायदा होत असेल असंही काहींना वाटतं, पण त्याची खात्री मी देणार नाही. विसरायला कधीपासून लागलात?"

"गोळ्यांनंतर."

"नाही, आई," इंगुन हळू आवाजात म्हणाली. "गोळ्यांच्या आधीचा नाताळ आठव. तू मेंढीच्या खारवलेल्या फासळ्या भिजतच घातल्या नव्हत्यास. आम्ही तशाच खाल्ल्या. खारट म्हणजे किती खारट."

बोर्गहिल्डला तो नाताळ आठवत होता. सगळ्यांनी पाणी फार मागितलं, एवढंच आठवत होतं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"कशी बोलणार? तू इतक्या हौसेनं वाढत होतीस."

नंतर स्मरणाची तपासणी झाली. शब्द सांगून मागाहून विचारले, घड्याळ काढायला लावलं. घड्याळ तिनं नीट काढलं, शब्द मात्र बरेचसे गेले. स्मृतीची थोडी झीज दिसते, पुढे कसं होईल ते आताच सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आठवड्याच्या गोळीचं लक्षात ठेवायला नको म्हणून वर्षातून एकदा शिरेतून औषध द्यायचं ठरलं.

गाडीच्या किल्ल्या तिनं आपण होऊन इंगुनला दिल्या आणि दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना काटे बसवून धक्क्यावर फिरायला गेली.

वसंतात आस्लाउग भेटली. "सोडल्यास ना त्या गोळ्या?"

"सोडल्या. आता तसलंच औषध सुईनं घेते."

"अगं बाई. आणि डोक्याचं काय?"

"ते शरदात कळेल," बोर्गहिल्ड म्हणाली, आणि कप अर्धा ठेवून उठली.