हेमाचा डावा पाय

हेमाला घाबरायला कारण लागत नसे, आणि कारण सापडलंच तर ती भीतीचा संसार मांडून बसायची. लिफ्ट, पाल, बँकेतून आलेला फोन, नवऱ्याचा न आलेला फोन, सगळ्याची तिला धास्ती. अशा बाईच्या नशिबी शारजात गाडी चालवणं यावं, हा देवाचा चावटपणाच म्हणायचा. लायसन्स तिला पाचव्या परीक्षेत मिळालं. आधीच्या चारही वेळा शेरा एकच होता, की ही फार हळू चालवते.

पण चालवल्यावाचून सुटका नव्हती. तिचा नवरा उल्हास समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कामाला, अठ्ठावीस दिवस तिकडे आणि अठ्ठावीस दिवस घरी. तो नसताना अकरा वर्षांच्या अस्मीला शाळेत सोडायचं, मग दुबईकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत शिरायचं आणि तिथल्या करामा भागातल्या दातांच्या दवाखान्यात नऊच्या आत रिसेप्शनवर बसायचं, हे सगळं हेमाच्या माथी.

त्या वर्षी सुट्टीत महिनाभर कराडला राहून सगळे ऑगस्टअखेर परतले, तर उन्हात उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीची बॅटरी मेलेली. हे इथं दरवर्षीचंच. उल्हासनं फोन करून माणूस बोलावला. त्यानं पार्किंगमध्येच पंधरा मिनिटांत नवी बॅटरी बसवली. दुसऱ्या दिवशी पहाटे उल्हास कंपनीच्या बसनं रिगवर निघून गेला.

त्याच सकाळी शाळेजवळच्या राउंडअबाउटवर, म्हणजे चौकातल्या गोल वळणावर, हेमानं वेग कमी केला आणि गाडी बंद पडली. धक्का नाही, आवाज नाही, नुसती विझली. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, समोर लाल-पिवळे दिवे लागले, आणि मागून एक ट्रेलर येत होता. आरशात त्याचं तोंड मोठं मोठं होताना हेमाला दिसलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. गिअर न्यूट्रलला, किल्ली मागे, किल्ली पुढे. दुसऱ्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली. तोवर ट्रेलर फक्त हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेला होता. मागच्या सीटवर अस्मीनं मोबाईलमधून मान वर काढली.

"Mamma, did you forget how to drive?"

हेमाचे वडील कराड डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. वाटेत बस बंद पडली आणि प्रवासी शिव्या घालू लागले की ते खाली उतरून बिडी शिलगावायचे आणि म्हणायचे, "उभी गाडी कुणाला मारत नाही, बाबांनो." हेमाला त्या दिवशी ते आठवलं आणि रागच आला. उभी गाडी मारत नसेल, पण उभ्या गाडीत बसलेलं माणूस मरतं, त्याचं काय? तिच्या डोळ्यांपुढे आता एकच चित्र होतं: मागची सीट, तिच्यावर अस्मी, आणि मागून येणारा कुणीतरी ब्रेक न मारणारा.

मग रोजचंच झालं. हमरस्त्यावर ऐंशी-शंभरनं गाडी सुतासारखी सरळ चालायची. सिग्नलला, स्पीडब्रेकरवर, रांगेत, जिथं ॲक्सिलरेटरवरून पाय निघेल तिथं इंजिनच्या फेऱ्यांचा काटा खाली यायचा आणि इंजिन मान टाकायचं. एसी बंद केला तर जरा कमी त्रास देई, पण सप्टेंबरात एसी बंद ठेवायचा म्हणजे इडलीच्या पातेल्यात बसायचं. दवाखान्यातल्या सिस्टरनं पेट्रोलमध्ये टाकायचं औषध सांगितलं. शेजाऱ्यांनी प्लग बदलायला सांगितलं. कुणीतरी लिंबू-मिरची बांधायला सांगितली, आणि हेमानं बांधलीदेखील.

तिसऱ्या दिवशी उल्हासचा व्हिडिओ कॉल लागला.

"गॅरेजला दे ना मग," तो म्हणाला.

"एकटी इंडस्ट्रियल एरियात जाऊ? आणि वाटेत बंद पडली तर?"

"बरं, ऐक. तोपर्यंत एक कर. डावा पाय ब्रेकवर ठेव आणि उजव्यानं रेस थोडी धरून ठेव. सिग्नलला पण. आरपीएम पडूच द्यायचा नाही, खलास. मी आलो की बघतो."

"दोन पायांनी? अरे, इन्स्ट्रक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय नाहीच असं समजा म्हणून."

"टेम्पररी गं, हेमा."

पहिले दोन दिवस गाडी बेडकासारखी चालली. मग जमलं. थांबायची वेळ आली की डावा पाय ब्रेकवर, त्याच क्षणी उजवा ॲक्सिलरेटरवर. इंजिन घरघरायचं, गाडी जागच्या जागी थरथरायची, पण बंद पडायची नाही. तीन आठवड्यांत हेमाला विचारसुद्धा करावा लागेना. काटा जरा हलला की दोन्ही पाय आपसूक आपापल्या जागी. भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही.

मग एक दिवस रामेश्वर दवाखान्यात आला. हा मूळचा अंबाजोगाईचा, शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात मेकॅनिक. त्याची दाढ ठणकत होती, गाल सुजला होता. फॉर्मवर त्याचा धंदा लिहिताना हेमा दाढ विसरली आणि गाडीचंच रडगाणं सांगू लागली. बिचाऱ्यानं गालावर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"ताई, एवढ्यात बॅटरी बदलली का?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"रविवारी गाडी घेऊन या. आणि आता डॉक्टरला बोलवा."

रविवारी हेमा जीव मुठीत धरून गॅरेजला पोचली. रामेश्वरनं बॉनेट उघडून एक जाड नळी काढली आणि आतली गोल झडप दाखवली. तिच्या कडेनं चुलीवरच्या तव्यासारखी काजळी साठली होती.

"इंजिनला हवा इथून जाते. काजळीनं वाट बुजत आली. गाडीतला कॉम्प्युटर हुशार, तो रोज थोडी थोडी झडप जास्त उघडून निभावून नेत होता. बॅटरी काढली आणि तो शिकलेलं सगळं विसरला. आता त्याला वाटतंय झडप स्वच्छ आहे. म्हणून हळू गेलात की हवा कमी पडती."

त्यानं फवारा मारून, फडक्यानं पुसून झडप लखलखीत केली. मग हेमाला सीटवर बसवलं.

"आता इंजिन चालू, एसी बंद, दहा मिनिटं कशाला हात लावायचा नाही की पाय लावायचा नाही. नंतर एसी लावून आणखी दहा. तिचं तिला शिकू द्या."

हेमा घामानं निथळत बसली. काटा खाली आला, डगमगला, पण सावरला. हेमाचा उजवा पाय मात्र खाली जायला धडपडत होता. रामेश्वरला ते दिसलं. त्यानं विचारलं तेव्हा तिनं दोन पायांची युक्ती सांगितली, जराशा अभिमानानंच.

रामेश्वर हसला नाही. "तीन आठवडे? ताई, गाडी वीस मिनिटांत शिकल. पायाला लागलेली सवय लवकर सुटत नाही. आता हिला पहिल्यासारखी रेस द्याल तर उडी मारल ही. रिकाम्या मैदानात दोन-चार दिवस एका पायानं चालवा, मगच शाळेला जावा."

हेमानं मान डोलावली. पण एसी लावूनही गाडी मांजरासारखी गुरगुरत उभी होती, आणि त्या आनंदापुढं तिला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. भित्र्या माणसाचं हे असं असतं. एक भीती गेली की त्याला वाटतं सगळ्याच गेल्या. घरी जाताना तिनं लिंबू-मिरचीसुद्धा काढून टाकली.

सोमवारी ती शाळेकडे निघाली, ती गुणगुणत. रामेश्वरचं बोलणं अगदीच विसरली नव्हती. डावा पाय मागे घेऊन बसली होती. तीन सिग्नल, दोन राउंडअबाउट, सगळं एका पायानं. शाळेच्या फाटकापुढं झेब्रा पट्ट्यांवर उमैमा उभी होती. ही शाळेची मदतनीस बाई, हातात 'थांबा'ची पाटी घेऊन रोज गाड्यांच्या मधोमध उभी राहून मुलांना पलीकडे नेणारी. हेमाच्या पांढऱ्या गाडीला ती चांगलीच ओळखायची, कारण पहिले काही दिवस ती गाडी उमैमाच्याच समोर बंद पडली होती आणि पुढं रोज तिथंच घरघरत उभी राहायची. हेमा थांबली. उमैमा गाडीच्या पुढ्यात आली, तिनं पाटी उंच धरली. मुलं तिच्या मागून ओलांडून गेली.

तेवढ्यात एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला. गाडी किंचित थरथरली, जशी कुठलीही चांगली गाडी थरथरते. काटा एवढासा हलला.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. हेमाला कळायच्या आत तिचे दोन्ही पाय निघाले होते. उजवा ब्रेकवरून सुटून ॲक्सिलरेटरवर गेला. डाव्यानं ब्रेकवर जायचं होतं, पण आज तो लांब होता, मागे घेतलेला. त्याच्या आधी उजवा पोचला.

गाडीनं उडी मारली. हेमाला उमैमाचे डोळे दिसले, तोंड उघडलेलं दिसलं, आवाज ऐकू आला नाही. काळजाचं पाणी पाणी होतं ते नेमकं कसं, हे तिला त्या एका क्षणात कळलं. मग डावा पाय ब्रेकवर आदळला. पाटी बॉनेटवर पडून खणखणली. गाडी आणि उमैमाचे गुडघे यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं.

हेमानं हात पुढे करून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या. मागून अस्मीचा बारीक आवाज आला, "Mamma?"

उमैमा खिडकीपाशी आली. ती पांढरीफटक पडली होती, पण तिनं हेमाच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाड़ी ख़राब है ना, मॅडम? मालूम है. रोज़ का है. खलास, खलास."

सुटकेचा रस्ता उमैमानं स्वतःच उघडून दिला होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. गाडीची बदनामी तर आधीच झालेली होती, एक आळ जास्त.

"नहीं, उमैमा," हेमा म्हणाली. "गाड़ी कल ठीक हो गई. मेरा पाँव ख़राब है."

उमैमानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे. खांद्यावरचा हात हळूच काढला. बॉनेटवरची पाटी उचलली, अस्मीला उतरवून घेतलं आणि तिचा हात धरून फाटकापर्यंत पोचवलं.

हेमानं डावा पाय उचलून सीटवर घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. पुढं कित्येक महिने ती तशीच अर्धी मांडी घालून गाडी चालवायची, उल्हास हसला तरी. गाडी पुन्हा कधी बंद पडली नाही.

उमैमा अजून त्याच फाटकावर आहे. रोज हसून हात करते. बाकीच्या गाड्यांपुढं ती आजही मधोमध उभी राहते. हेमाची गाडी दिसली की मात्र आधी फूटपाथवर चढते, आणि मग तिथून पाटी दाखवते.