लाटसाहेब आणि मळणारी

शाळेच्या दाखल्यावर त्यांचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते दाखल्यावरच राहिलं. पंधराव्या वर्षी बाप त्यांना आपल्याबरोबर बेकरीत नेऊ लागला, आणि पोराची झोप होती कुंभकर्णाची. रोज पहाटे बाप उशाशी उभा राहून गर्जायचा, "उठा, लाटसाहेब. सगळी वस्ती पाव मागतेय आणि तुम्ही घोरताय." भिंती पातळ, शेजारी कान टवकारून बसलेले. आठवड्याभरात नाव गल्लीत पोचलं, महिन्यात बेकरीत. पुढं बाप गेला, घोरणं गेलं, डोक्यावरचे केसही गेले. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांत लाटसाहेबांना कामावर एकदाही उशीर झाला नाही. ताप आला तरी गेले, पूर आला तेव्हा चपला हातात घेऊन गेले. तरीही कुणी "काय लाटसाहेब" म्हटलं की त्यांना ते खुपायचंच. लोक प्रेमानं म्हणत, ते त्यांना कळत होतं. पण ऐकू यायचा तो बापाचा आवाज, आणि वाटायचं की आपण अजून त्या अंथरुणातच आहोत. बापानं त्यांना कधी शाबास म्हटलं नव्हतं. म्हणजे मारलंही नव्हतं, वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या तोंडात कौतुकाचे शब्दच ठेवलेले नव्हते, त्याला तो काय करणार.

बेकरी म्हणजे दोन खोल्या आणि मागं अंगण. एका खोलीत पीठ मळायचं, दुसरीत भट्टी. मधल्या भिंतीला वीतभर उंचीची लांबट खिडकी, तिच्यातून पिठाचे गोळे भरलेले साचे इकडून तिकडं सरकायचे. लाकडाची भट्टी होती तेव्हा. आत चिमूटभर पीठ फेकायचं आणि मोजायचं. दहा म्हणेपर्यंत पीठ तांबूस झालं तर भट्टी तयार, पाचातच करपलं तर थांबा, लाटसाहेब. हे बापानं शिकवलेलं. नंतर गॅस आला, मग वीज आली, तापमान दाखवणारा काटा आला. काट्याकडं बघायचं आणि तरीही चिमूटभर पीठ फेकायचं, ही सवय लाटसाहेबांनी सोडली नाही. त्या लाकडाच्या धुराचा वास पावाला लागायचा आणि माणसालाही लागायचा. आता पावाला कशाचाच वास येत नाही असं ते म्हणत, आणि म्हाताऱ्यांच्या असल्या बोलण्याकडं लोक करतात तेवढंच दुर्लक्ष लोकांनी केलं.

त्यांच्या विसाव्या वर्षानंतर मळणीच्या खोलीत एक नवी मुलगी आली. सहा महिने लाटसाहेबांनी तिचे फक्त हात पाहिले, खिडकीतून साचा पुढं ढकलणारे, कोपरापर्यंत पिठानं पांढरे. बोलायचं तर होतं, पण काय बोलायचं हे सुचेना. शेवटी एक दिवस त्यांनी तोंड उघडलं ते असं: "पीठ ढिलं आहे आज."

खिडकीतून उत्तर आलं, "तुमची भट्टी गार असेल."

भट्टी खरोखरच गार होती. वर्षभरात लग्न झालं. मग सव्वीस वर्षं नवरा एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला, मधून साचे जात राहिले. लाकडी हौदात पीठ ओतून ती खांद्यापासून वजन टाकून मळायची. मळून झालं की एक बोट खुपसायचं. खळगा सावकाश भरून आला तर ओलं फडकं टाकून झाकायचं, नाही आला तर पुन्हा बाह्या वर. उन्हाळ्यात गार पाणी, थंडीत कोमट. हे सगळं ती कुणाकडून शिकली, ते लाटसाहेबांनी कधी विचारलं नाही. पाव छान झाला की गिऱ्हाईक भट्टीच्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणायचं, "भट्टीवाल्याच्या हाताला गुण आहे." पाव बसला, करपला, दगडासारखा झाला की लाटसाहेब म्हणायचे, "आज पीठच बरोबर नव्हतं." आणि ती ऐकून घ्यायची. तिच्यापर्यंत दोन्ही वाक्यं पोचत, कारण मधली खिडकी उघडीच असे.

तर अशा या लाटसाहेबांच्या निवृत्तीचा दिवस आला आणि बेकरीच्या धाकट्या मालकांनी हौसेनं कार्डं छापली. "आमचे भट्टीप्रमुख लाटसाहेब यांचा निरोप समारंभ. शनिवारी संध्याकाळी चार वाजता, मागच्या अंगणात." धाकट्या मालकांची चूक नव्हती. हजेरीच्या वहीतसुद्धा हेच नाव लिहिलेलं होतं, दुसरं काही असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

लाटसाहेबांनी कार्ड टेबलावर आपटलं. "मी जाणार नाही."

"बरं," बायको म्हणाली. ती शेंगा सोलत होती. सोलताना मधेच थांबून मनगट चोळायची, ती तिची जुनी खोड.

"का, ते तरी विचार."

"विचारायचं काय? नाकावर लिहिलंय तुमच्या."

"आयुष्य भट्टीपुढं भाजून काढलं, आणि जाताना छापून काय दिलं? आळशी. सगळ्या वस्तीला वाटलंय कार्ड." त्यांचा आवाज चिरकला, तेव्हा ते खिडकीपाशी जाऊन उगाच बाहेर बघत राहिले. समारंभ परवावर आला होता, आणि हा माणूस एकदा अडला की हलणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आली. ती शब्दकोशाच्या कचेरीत कामाला आहे. तिथं माणसं दिवसभर एकेका शब्दाची कुंडली मांडत बसतात. लाटसाहेबांना लेकीचा अभिमान होता, पण काम समजत नव्हतं. "शब्द काय पळून चाललेत, की त्यांची नोंद ठेवायची?" असं ते तिला विचारत. तिनं कार्ड वाचलं, बापाचं तोंड वाचलं आणि खुर्ची ओढून बसली.

"बाबा, लाट म्हणजे लॉर्ड, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"आहे. बसून खाणारा."

"बसून खाणारा नाही. खायला घालणारा."

लाटसाहेबांनी तिच्याकडं मान वळवली.

"हजारएक वर्षांपूर्वी इंग्रजांच्या बोलीत पावाला 'हलाफ' म्हणायचे," मुलगी सांगू लागली. "आता लोफ म्हणतात तोच. आणि राखणारा म्हणजे 'वेअर्द'. आपण वॉर्डन म्हणतो ना, त्यातला वॉर्ड. हलाफवेअर्द, म्हणजे पाव राखणारा. घरातला कर्ता माणूस. मग शब्द झिजत गेला. हलाफोर्द झाला, लावर्द झाला, शेवटी लॉर्ड."

"झिजतो कसा शब्द?"

"पायरी झिजते तसा. लोक घाईत असतात, मधली अक्षरं गिळतात."

"आणि पाव? त्याचं काय झालं?"

"पाव विसरले. राखणं तेवढं लक्षात राहिलं. घरचा कर्ता होता तो गावाचा धनी झाला, मग सरदार झाला, मग देवालासुद्धा तेच म्हणू लागले. पुढं साहेबलोकांबरोबर तो शब्द जहाजात बसून निघाला आणि आपल्या लोकांच्या जिभेवर लॉर्डचा लाट झाला. साहेब परत गेले. शब्दाची नोकरी सुटली. मग तो घरोघरी उशिरा उठणाऱ्यांना उठवायच्या कामाला लागला."

लाटसाहेब खुर्ची ओढून लेकीसमोर बसले. मग म्हणाले, "पुन्हा सांग. पहिला तो."

"हलाफवेअर्द."

त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "माझ्या बापाला हे माहीत होतं?"

मुलीला खोटं बोलता आलं असतं. पण शब्दकोशवाली माणसं त्या बाबतीत फार काटेकोर असतात. "नाही बाबा. आजोबांना फक्त तुम्हाला उठवायचं होतं."

"म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला."

"हो. पण फांदी मोडली खरी."

लाटसाहेब हसले. त्या आठवड्यातलं पहिलं हसू. बापाच्या तोंडून चुकून का होईना, पण बरोबर शब्द पडला होता, आणि एवढ्यावरही त्यांचं भागत होतं. "आणि नोकर? नोकराला काय म्हणायचे?"

"हलाफएता. पाव खाणारा."

"म्हणजे तू. लहानपणी चार-चार खायचीस." ते खुशीत आले. कार्ड उचलून त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी हात लांब करून, छपाई बघितल्यासारखं.

स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं विचारलं, "आणि लेडी?"

"ते सांगायचंच राहिलं. लेडी म्हणजे 'हलाफदिगे'. पिठाच्या गोळ्याला डो म्हणतात, त्यातलाच तो 'दिगे'. पाव मळणारी."

"मळणारी." बायकोनं मान हलवली. "म्हणजे मळणाऱ्या बाईला नाव होतं तर."

ती आत जायला वळली आणि वळता वळता, कुणाला दोष न देता, साधं म्हणाली, "तुम्हाला निदान नकोसा का होईना, निरोप आहे. मी एका सोमवारी गेले नाही आणि मळायचं मशीन आलं. तेवढाच माझा समारंभ."

लाटसाहेबांचं हसू तिथंच थांबलं. बारा वर्षांपूर्वीचा तो सोमवार त्यांना लख्ख आठवला. तिची मनगटं सुजून दरवाजाची कडीसुद्धा उघडत नव्हती. ती घरी पडून होती आणि ते कामावर गेले होते, नेहमीसारखे वेळेवर. मशीनच्या पिठाचा पहिला पाव त्यांनीच भाजला. गिऱ्हाईक म्हणालं, "अरे, चव तीच आहे." आणि लाटसाहेबांनी उत्तर दिलं होतं, "भट्टी तीच आहे ना."

शनिवारी सकाळी ते धाकट्या मालकांकडं गेले. "कार्डावर आणखी एक नाव हवं होतं."

"काका, कार्डं वाटून झाली."

"मग खुर्च्या तरी दोन मांडा."

घरी बायको म्हणाली, "मला कुणी बोलावलंय तिथं?"

"मी बोलावतोय."

"तुम्ही कोण बोलावणारे? तुम्ही तर जाणार नव्हता."

पण तिनं ठेवणीतले कपडे काढले.

अंगणात बेकरीतली सगळी माणसं जमली होती. धाकटे मालक चार शब्द बोलले आणि लाटसाहेबांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. चव्वेचाळीस वर्षं गजराशिवाय उठलेल्या माणसाला घड्याळ देण्यात काय हशील, ते देणारे जाणोत. लाटसाहेबांनी ते घेतलं आणि लॉर्डची गोष्ट सांगितली, हलाफवेअर्दपासून, मधे पदरची भर घालत. लेडीपाशी आल्यावर त्यांनी शेजारच्या खुर्चीकडं बोट केलं. टाळ्या झाल्या. तिला बोला म्हणून आग्रह झाला, पण ती बोलली नाही. उठून सरळ मळणीच्या खोलीत गेली.

मशीनच्या भांड्यात संध्याकाळचं पीठ फिरत होतं. तिनं मशीनवाल्याला हातानं थांब म्हटलं आणि बोट खुपसलं.

"पाणी कमी पडलंय."

"मोजून घातलंय, वहिनी. रोजचंच माप."

"पीठ रोजचं आहे?"

मशीनवाला घुटमळला. "काल नवी पोती आली."

"मग माप जुनं कसं चालेल?"

त्यानं पाणी वाढवलं, मशीन फिरवलं, थांबवलं. तिनं पुन्हा बोट लावलं. खळगा हळूहळू भरून आला. दारात गोळा झालेली माणसं बघत होती, आणि त्या मधल्या खिडकीच्या पलीकडून लाटसाहेबही बघत होते. सव्वीस वर्षं त्या खिडकीतून हात पाहिले, पण हात काय करतात ते त्यांनी आज पाहिलं.

घरी जाताना घड्याळ त्यांच्या काखेत होतं. दोघं गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आली. तिथं ते थांबले.

"तुझं पीठ चांगलं असायचं."

ती चालतच राहिली. "आता सांगताय होय."

"पाव बसायचा तो माझ्या भट्टीमुळं. मला कळायचं. कळूनसुद्धा तुझ्या पिठावर ढकलायचो मी."

ती दोन पावलं पुढं जाऊन थांबली. तिचे डोळे भरून आले होते, आणि तिला रागही आला होता. "माझ्या पिठाला नावं ठेवलीत ती सगळ्यांसमोर. आणि हे सांगताय ते इथं, कोपऱ्यावर, एकटीला?"

लाटसाहेबांनी मागं पाहिलं. बेकरी बरीच मागं राहिली होती आणि त्यांचे गुडघे दुखत होते. त्यांनी घड्याळ तिच्या हातात दिलं आणि वळले.

अंगणात आता तिघंचौघंच उरले होते. मशीनवाला खुर्च्या एकात एक घालत होता, धाकटे मालक दाराची कडी लावत होते.

"थांबा," लाटसाहेब म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "एक सांगायचं राहिलं. सव्वीस वर्षं हिचं पीठ चांगलं होतं. रोज. पाव बिघडला तो माझ्या हातानं बिघडला, आणि मी नाव हिचं सांगितलं."

मशीनवाल्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली.

फाटकाशी घड्याळ छातीशी धरून बायको येऊन उभी राहिली होती. तिनं पदरानं नाक पुसलं.

"रोज नाही हं," ती म्हणाली. "दोनदा मीठ राहिलं होतं."