शीबाईचं तोंड

माझ्या धाकट्या जावेला सगळे शीबाई म्हणत. नाव ठेवणारी मीच. लग्न होऊन ती घरात आली त्या दिवशी मी तिला पाणी दिलं, तर तिने पेला उजेडाकडे धरला, आत डोकावून पाहिलं आणि कुणाला कळणार नाही अशा बेताने बोटाने कड पुसली. सासूबाईंना ते बरोबर दिसलं. पुढचा आठवडाभर आमच्या घरात भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

किळस यावी तरी किती एखाद्या बाईला! दुसऱ्याच्या कंगव्याकडे ती पाल बघितल्यासारखी बघायची. बेसिनच्या जाळीत एक केस अडकलेला दिसला की हिच्या घशाशी आलंच. ‘शी’ तोंडातून निघायच्या आधी तोंडावर उमटायचं. वरचा ओठ नाकाला भिडायचा, नाक डोळ्यांत शिरायचं. लपवता म्हणून यायचं नाही बिचारीला.

आणि असली बाई संडास धुवायच्या कामाला लागली. मीच नेली. धाकटे दीर गेले, मुलगा अजून शिकत होता, बसून चालणार नव्हतं. मी तेव्हा एका मोठ्या इमारतीत सफाईला होते. खाली-वर सगळी दुकानं, खाण्याची ठिकाणं, दिवसभर माणसांचा पूर. पहिल्या दिवशी ती चार वेळा ओकली. मी मनात म्हटलं, उद्या काही ही येत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तयार होऊन दारात उभी.

आमच्या कामात जोडी असते. एक ओली, एक कोरडी. ओलीने संडासाच्या भांड्यात हात घालायचा, ब्रश मारायचा, तुंबलेलं काढायचं. कोरडीने नळ, आरसे, कड्या, साबण, कागद बघायचं. ओलीने कोरड्या वस्तूला बोट लावायचं नाही, मग जीव गेला तरी. तिला दार उघडून देणार कोरडी, कपाळावरचा घाम पुसणार कोरडी, तहान लागली तर बाटली तिच्या तोंडाशी धरणार कोरडी. पोट माझं दगडाचं, म्हणून मी ओली. हातमोजे असले तरी नेम तोच. पाठीला खाज सुटली की मी भिंतीला पाठ घासायला जायचे, आणि ही मागून ओरडायची, ‘ताई, भिंत आत्ताच पुसलीय!’ मग स्वतःच येऊन खाजवून द्यायची.

तिच्या किळसेचा फायदा असा, की तिच्या हातून काही सुटायचं नाही. तिने पुसलेल्या नळाला मी डोळे मिटून तोंड लावलं असतं.

आणि येणाऱ्या बाया! अत्तराचे फवारे मारून यायच्या, हातात महागड्या दुकानांच्या पिशव्या. पण मागे काय ठेवून जायच्या ते सांगायचं तर जेवण नको होईल. बसायच्या कडेवर बुटांचे ठसे. वापरलेली पॅड भिंतीला चिकटवलेली. पोराचा भरलेला लंगोट घडी घालून साबणाच्या मागे, जणू कुणाला भेट द्यायचाय. दाराच्या आतल्या बाजूला नाकातलं पुसून ठेवणारी एक होती. मला तिचं तोंड एकदा बघायचं होतं. ती कधी सापडली नाही, तिचं काम मात्र रोज सापडायचं.

मग आमच्या सुपरवायझर बाई कुठूनसं काहीतरी शिकून आल्या. आम्हाला ओळीने उभं केलं आणि म्हणाल्या, आजपासून या बायांना बाया म्हणायचं नाही, गिऱ्हाईक म्हणायचं. मला हसूच आवरेना. भाजीवाल्याचं गिऱ्हाईक ऐकलं होतं, मुतायला येणाराही गिऱ्हाईक असतो हे नवीन होतं. त्यांनी सांगितलं, आत येणाऱ्याच्या डोळ्यांत बघून हसायचं, काही लागलं का विचारायचं, आणि कामाची टीम म्हणजे एक घर समजायचं. आता आम्ही एकाच घरातल्या दोघी जावा, आम्हाला ते काय नवीन?

घोडं अडलं ते शीबाईच्या तोंडापाशी. एका गिऱ्हाइकाने नळाच्या ओट्यावर पोराला बसवून त्याचं ढुंगण धुतलं आणि तो घाणेरडा कागद बेसिनातच टाकला. शीबाईने नुसतं बघितलं. बाई तरातरा गेली आणि तक्रार करून आली, की तुमची माणसं आमच्याकडे बघून तोंडं वाकडी करतात. सुपरवायझर बाईंनी स्पष्ट सांगून टाकलं, आणखी एक तक्रार आली की तळघरातल्या कचऱ्याच्या खोलीत बदली.

ती खोली म्हणजे सगळ्या इमारतीची उष्टी-खरकटी पोत्यांत भरून सडत पडायची जागा. खालून काळं पाणी पाझरायचं, वर अळ्या. माझं दगडाचं पोटही तिथे जरा हलायचं. शीबाईला तिथे घालणं म्हणजे हाकलून देण्यासारखंच. हे तिलाही ठाऊक होतं आणि बाईंनाही.

तिने मग घरी आरशापुढे हसायचा सराव चालवला. मुलाने विचारलं, आई, दाढ दुखतेय का. खरंच, ते हसू तिच्या ‘शी’पेक्षा भयंकर होतं. शेवटी मी तोड काढली. म्हटलं, आपण काम वाटून घेतो ना, मग तोंडही वाटून घेऊ. गिऱ्हाईक आलं की मी पुढे होऊन हसेन, तू पाठ कर आणि आरसा पुसत राहा.

पहिले काही दिवस झकास गेले. माझं हसू चांगलं, दात कमी असले तरी. एक म्हातारी तर मला आशीर्वाद देऊन गेली. पण दोघींच्याही डोक्यात एक गोष्ट आली नाही. आयुष्यभर आरसे पुसले, आरशात दिसतं हे मेलं सुचलंच नाही.

एक ठसठशीत बाई आली. मी हसले. तिने चप्पल काढली, पाय उचलून बेसिनच्या ओट्यावर ठेवला आणि पायाची नखं कापायला लागली. नख टुणकन उडून साबणाच्या वाटीत पडलं. शीबाई पाठ करून आरसा पुसत होती, पण आरशात सगळं दिसत होतं. तिलाही, आणि त्या बाईलाही. त्या बाईने वर बघितलं तर समोर काचेत शीबाईचं तोंड, हे एवढं मोठं, ओठ नाकाला भिडलेला. बाईने दुसऱ्या पायाची नखं पुरी केली, मगच तक्रार करायला गेली.

सुपरवायझर बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, मला कळतं हो, पण एकदा तोंडावर ताबा ठेवला असता तर? शीबाई खाली मान घालून उभी होती. म्हणाली, ‘हात म्हणाल तिथे घालते, बाई. तोंड माझ्या हातात नाही.’ दुसऱ्या दिवसापासून ती तळघरात.

मला नवीन कोरडी मिळाली. तिला आम्ही हसरी म्हणू लागलो. कशानेच तिच्या तोंडावरची माशी हलत नसे. गिऱ्हाइकं खूश, बाई खूश. मीही म्हटलं, चला, निभावलं.

एका दुपारी मी संडासाचं भांडं घासून वळले, तर ते पुसायचं माझं फडकं जागेवर नाही. बघते तर हसरी त्याच फडक्याने नळ पुसतेय. आधी ओलं, मग सुकवायला म्हणून तेच पिळून पुन्हा. नळ झाला, मग आरसा, मग दाराची कडी. चकचकीत दिसत होतं सगळं. तेवढ्यात एक बाई आत आली, त्या नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायली, आणि हसरी तिच्याकडे बघून गोड हसली.

मी तिला विचारलं, हे काय करतेस. ती म्हणाली, आजी, एकच फडकं पुरतं की, कोण बघतंय. आणि तोच हात पुढे करून मला पाण्याची बाटली द्यायला लागली.

मी मागे सरले ती थेट भिंतच धरली. हो, ओल्या हाताने. मी सुपरवायझर बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, समजावते तिला, पण तिची एकही तक्रार नाही हो. मी म्हटलं, मग माझीही बदली करा. कुठे, म्हणाल्या. मी सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

तळघरात गेले तेव्हा शीबाई नाकाला फडकं बांधून पोतं ओढत होती. डोळे लाल, गाल बसलेले. मला बघून ती आधी थबकली आणि मग जी चिडली म्हणता!

‘वरचं चांगलं काम सोडून इथे कशाला मरायला आलात?’

‘वर फार घाण आहे गं,’ मी म्हटलं.

 मी मोजे चढवले आणि पोत्याचं फुटकं टोक धरलं. तिने तोंड फिरवून एक उबळ गिळली, दुसऱ्या टोकाला आली आणि म्हणाली, ‘खालून धरा, ताई. गळतंय.’