यादीतून राहिलेली खाजकुयली

तळकोकणात घाटाच्या पायथ्याशी जायचं असेल तर पौषात जावं. हा सल्ला फुकट आहे. एरवी फुकट काही देणारा म्हणून मी प्रसिद्ध नाही. साताऱ्याकडून एक पत्र्याची पेटी घेऊन आलो, नवी मुंबईत शिरवण्यात टाइल्सचं दुकान टाकलं, नेरूळला फ्लॅट घेतला, आणि या साऱ्या काळात समोरच्याने सांगितलेला पहिला भाव एकदाही मान्य केला नाही. बायको गेली तेव्हा दुकान विकलं. मग सकाळचं तळ्याकाठी फिरणं आणि तिथल्या बाकावरची मंडळी, एवढंच उरलं. ते मला शेठ म्हणतात.

गेल्या पौषात आम्ही अकरा जण तिकडे गेलो. बेत माझा, गाडी मी ठरवली, आणि एका बाईंच्या घरी राहण्या-जेवण्याचा दरही मीच पाडून घेतला. दुसऱ्या दिवशी ताटात सुरमईची तुकडी कबूल केल्यापेक्षा लहान आली. मी आवाज चढवला. बाई आत गेल्या आणि पंगतीत सगळे मान खाली घालून जेवले. मी काय एकट्यासाठी भांडलो? अकरा ताटं होती. पण त्यानंतर माझ्याशी कोणी धड बोलेना.

म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच घरामागच्या पायवाटेने ओढ्याकडे गेलो. कुंपणावर मखमली, तपकिरी शेंगा लोंबत होत्या. छान दिसल्या, हात लावला. ती खाजकुयली होती. तिची कुसं मानेवर, पाठीवर, शर्टाच्या आत गेली आणि अंगाची आग आग झाली. मी ओरडत अंगणात आलो. ज्या बाईंवर आदल्या दिवशी आवाज चढवला होता, त्यांनीच मला गोठ्याशी बसवलं आणि ओलं शेण पाठीला फासलं. "खाजवू नकात, काका. पाणी लावू नकात," एवढंच म्हणत होत्या. बाकीचे दहा जण फोटो काढत होते; मी कुठे गेलो होतो, कशाला हात लावला, हे कोणी विचारलं नाही. त्यातला एक फोटो वर्षभर आमच्या ग्रुपवर फिरला.

यंदा मार्गशीर्ष संपता संपता त्याच बाईंचा फोन आला.

"काका, बरे आसात मां? तुमची मंडळी परत येतत. गेल्या वेळचोच दर होयो म्हणतत. पण यादीत तुमचा नाव नाय ता?"

मी म्हणालो, "मला जमत नाहीये." आणि फोन ठेवला. माझं भांडण मंडळींना नको होतं, माझा दर मात्र हवा होता.

बाकावर कोणी विषय काढला नाही. मीही काढला नाही. चौथ्या दिवशी आमच्यातले एक निवृत्त बँकवाले माझ्या शेजारी सरकून बसले.

"शेठ, आम्ही जरा कोकणात जाऊन येतोय. तुला सगळी माहिती आहे. काय घ्यायचं, काय नाही, तेवढं एका कागदावर लिहून दे ना."

पलीकडून आमच्यातले एक, मूळचे शिरवण्याचे गाववाले, म्हणाले, "हां शेट, बारीक लिव. तुझ्यासारका बारीक मानूस दुसरा नाय हाय आमच्यात."

सगळे हसले. मीही हसलो.

घरी जाऊन लिहायला बसलो. नुसतं लिहायचं म्हणून लिहिलं नाही, नीट लिहिलं. महामार्ग सोडण्याआधी टाकी भरा, पुढे पंप नाही. सुट्टे पैसे ठेवा. फोनला रेंज फक्त देवळाच्या पायरीवर मिळते, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मासे हवेत की कोंबडी ते आदल्या संध्याकाळी सांगा. आयत्या वेळी धावायला तिथे दुकान नाही. अंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, दोघादोघांनी जा. अंधार पडला की टॉर्च आणि बंद बूट, कारण तिकडे फुरसं असतं, छोटं पण विषारी. देवराईत चपला काढा आणि काडीसुद्धा उचलू नका. वाडीत पडलेला नारळ पडलेला असला तरी कोणाचा तरी असतो. ओढ्याच्या डोहात दगडांवर शेवाळ आहे.

एवढं लिहिलं आणि थांबलो. खाजकुयलीचं लिहिलं नाही. विसरलो नव्हतो. म्हटलं, यांचेही फोटो निघू देत.

कागद दिला तेव्हा बँकवाल्यांनी विचारलं, "अजून काही राहिलं का?"

"काही नाही."

त्यानंतरचे दोन दिवस माझी पाठच खाजत होती. वय सगळ्यांचं सत्तरीला टेकलेलं. एकाला दमा, दुसऱ्याच्या अंगावर उन्हाने पुरळ उठतं. फोन करून सांगता आलं असतं. मी केला नाही. निघायच्या दिवशी सकाळी सातला सोसायटीच्या गेटवर गेलो. गाडी भरली होती. ड्रायव्हरच्या मागची सीट, जिथे गेल्या वेळी मी बसलो होतो, तिथे त्यांनी फराळाच्या पिशव्या ठेवल्या होत्या.

"घरामागच्या वाटेने जाऊ नका," मी खिडकीशी जाऊन म्हणालो. "खाजकुयली आहे. पूर्ण बाह्यांचे शर्ट घाला."

"हे कागदात नव्हतं," बँकवाले म्हणाले.

"विसरलो."

"तू? विसरलास?"

कोणी हसलं नाही. शिरवण्याचे गाववाले बाहेर बघायला लागले. सगळ्यांना कळलं होतं. मग बँकवाले म्हणाले, "ये की शेठ, बस. पिशव्या उचलू."

बोलताना त्यांचा हात दाराच्या कडीवर होता. चाळीस वर्षं मी काउंटरमागे उभा होतो. समोरचा वस्तू द्यायला काढतोय की दाखवून परत ठेवायला, हे मला आवाजावरून कळतं.

"पुढच्या वेळी," मी म्हणालो. "आज प्लंबर यायचाय."

गाडी हायवेकडे वळली तशी मी घरी आलो. दाराशी माझी बॅग होती. आदल्या दिवशी भरलेली. पूर्ण बाह्यांचे तीन शर्ट, बंद बूट, नवे सेल घातलेला टॉर्च. शर्ट पुन्हा हँगरला लावले. प्लंबर येणार नव्हताच.

त्या कागदाची एक प्रत माझ्याकडे आहे. राहिलेला मुद्दा आता त्यात लिहिला आहे. तुम्ही जाणार असाल तर उपयोगी पडेल: खाजकुयली लागली तर खाजवू नये, पाणी लावू नये, ताबडतोब ओलं शेण फासावं. त्या वाटेने एकट्याने जाऊ नये. आपला हात आपल्या पाठीपर्यंत पोचत नाही.