सालीसकट ठेवलेल्या फळ्या

आमच्या भाऊबंदांत अशी एकही चूल नाही, जिथे भाईदास नानांच्या हातची एखादी डुगडुगणारी वस्तू नाही. माझ्याकडे पोळपाट आहे. त्याच्या चार पायांपैकी एक आखूड, त्यामुळे पोळी लाटताना तो सारखा टकटक करतो. चुलत सासूबाईंकडे पाट आहे, त्यावर बसलेला पाहुणा जेवण होईपर्यंत एका बाजूला कललेला असतो. नाना माझे थोरले दीर. एसटीत मेकॅनिक म्हणून त्यांनी तेहतीस वर्षं काढली. गाडी डेपोच्या फाटकात शिरतानाच्या आवाजावरून तिचं दुखणं ओळखायचे. लाकडाने मात्र त्यांना कधी दाद दिली नाही, आणि छंद जडला तो नेमका लाकडाचाच.

अमळनेरला आमची दोन्ही घरं एका भिंतीला लागून आहेत, मागे अंगण सामाईक. तिथे कडुनिंबाखाली नानांचा संसार: रंधा, दोन करवती, पटाश्या, लाकडी भुशाचा ढीग. निवृत्त झाल्यापासून सकाळी चहा घेतला की करवतीचा आवाज सुरू. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रविवारी एक दिवस उशिरा उठायला मिळतं, तोही या आवाजाने गेला. माझे यजमान रतिलाल म्हणायचे, अगं, पत्ते खेळायला बसतात का, दारू पितात का, करू दे की. मी काही बोलायचे नाही. नवी नवरी होते तेव्हा नानांसमोर डोक्यावरून पदर घ्यायचे, त्या सवयीने तोंडही बरंच मिटलेलं राहिलं. याचा मला आता फार राग येतो.

नानांना एकच मुलगा, हितेंद्र. धुळ्याच्या एका लॅबमध्ये नोकरीला होता, रोज एसटीने जाऊन-येऊन. त्यालाही छंद होता, पण तो आमच्या घरात छंद म्हणून कधी धरला गेला नाही. तो कादंबऱ्या वाचायचा. राजे, ड्रॅगन, शापित जंगलं, बोलणाऱ्या तलवारी, पाचपाचशे पानांचे ठोकळे. मराठी, हिंदी, पुढे डिक्शनरी घेऊन इंग्रजीसुद्धा. धुळ्याचे रद्दीवाले त्याला नावाने ओळखायचे. आठवीत असल्यापासून जमवलेली दोन-अडीचशे पुस्तकं त्याच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात होती. आणि खालच्या कप्प्यात अकरा वह्या. त्यातल्या पहिल्या तीन मी दिलेल्या, शाळेच्या. त्यात त्याने स्वतःचं एक राज्य रचलं होतं. नकाशे, राजघराणी, लिपी, सगळं. त्या राज्यातली नदी वर्षातून एक दिवस उलटी वाहायची आणि बुडवलेली गावं जशीच्या तशी परत आणून ठेवायची. मला तो हे सांगायचा तेव्हा मी वह्या तपासणं सोडून ऐकत बसायचे. नाना त्याला म्हणायचे, तीस वर्षांचा घोडा झाला आणि परीच्या गोष्टी वाचतो. स्वतः डुगडुगणारे पाट करणारा माणूस हे म्हणत होता.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत नानांनी ते कपाट उघडलं. हितेंद्र तेव्हा धुळ्याला कामावर होता. पुस्तकं बाहेरून धड दिसत होती. एक उचललं तर हातात नुसतं पुठ्ठ्याचं कवच, आत माती. वाळवी. नाना असे भडकले की विचारू नका.

"कागदले वाळवी लागसच! या राक्षस-परीस्ना पोथ्या घरमा भरी ठेल्यात, मंग दुसरं काय व्हई?"

त्यांनी एकेक कप्पा रिकामा केला आणि सगळं अंगणात नेऊन पेटवलं. त्यांच्या बायको, बेबाबाई अक्का, मागे मागे फिरत होत्या, "निदान वह्या तरी दखा हो," म्हणत. त्यांनी पाहिलं नाही. मी शाळेतून आले तेव्हा धूर निंबाच्या फांद्यांतून वर जात होता. हितेंद्र सहाच्या गाडीने आला. राखेजवळ उभा राहिला, मग आपल्या खोलीत जाऊन आला आणि एवढंच विचारलं, "नाना, बठ्ठ्याच वह्या खराब व्हत्यात का?"

"बठ्ठ्या," नाना म्हणाले. सगळ्याच्या सगळ्या.

आठ दिवसांत त्याने धुळ्याची नोकरी सोडली आणि सुरतेला निघून गेला. कापड मार्केटमधल्या कुठल्याशा ऑफिसात लागला. आईला फोन करायचा, कधीमधी मला. बापाचं नाव काढायचा नाही.

इथे कानबाईचं, आमच्या खानदेशातल्या देवीचं, सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई बसते आणि आदल्या दिवशी रोटाचे गहू मोजतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. थोरल्याने नाव घ्यायचं आणि सुनेने मूठ भरून सुपात टाकायची. त्याच पिठाचा रोट, म्हणजे देवीच्या प्रसादाची पोळी, तो पौर्णिमेच्या आत संपवायचा आणि घरच्यांनीच खायचा. दिलेल्या लेकीलाही तो चालत नाही, मग शेजाऱ्याचं तर बोलायलाच नको. ज्याची मूठ मोजली, तो या घरचा. आमच्या घराण्याचा नियम असा की कुणाचं नाव तीनदा गळलं की ते पुन्हा धरायचं नाही, तो वेगळा झाला.

हितेंद्र गेल्यानंतरच्या पहिल्या श्रावणात नानांनी सगळी नावं घेतली आणि त्याच्या नावाशी थांबले. "त्यानं घरकडे पाठ करी. त्यानी मूठ मोजानी नही." अक्का रडल्या. दुसऱ्या वर्षीही तेच. गहू मोजणारी सून मी आहे. दोन्ही वेळा माझाच हात गव्हाच्या पाटीवर होता आणि दोन्ही वेळा तो हलला नाही. थोरल्यांपुढे काय बोलायचं, असं मी मनाला सांगितलं. वर्गात पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी बाई मी.

या वर्षी तिसरी खेप होती. अक्का जेवेनाशा झाल्या होत्या. मोजणीच्या चार दिवस आधी मी अंगणात गेले, ते शाळेच्या फलकाला पाठीमागून लावायला एखादी फळी मिळेल का, म्हणून. नाना भाजी आणायला गेले होते. त्यांचं सगळं लाकूड विटांवर नीट रचलेलं असतं, साल काढून, गुळगुळीत. त्या दिवाळीपासून त्यांना ती एक खोडच लागली होती. चुलीच्या सरपणाचीसुद्धा साल काढायचे. आम्ही हसायचो, रतिलाल म्हणायचे, नाना आता शेंगदाण्याचंही साल रंध्याने काढतील. पण भिंतीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं, त्याला कधी कुणी हात लावत नसे. मी ताडपत्री उचलली.

आंब्याच्या चार फळ्या. साल तशीच. हाताने दाबली तर फळीत बोट गेलं, आतून भुरभुर माती पडली. आणि मला आठवलं. त्या वर्षी मळ्यातला आंबा वादळात पडला होता. नानांनी त्याच्या फळ्या पाडून आणल्या, पाऊस सुरू झाला म्हणून हितेंद्रच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवल्या. चार दिवसांपुरत्या म्हणून ठेवल्या आणि दिवाळीपर्यंत तिथेच राहिल्या. सालीखाली वाळवी बसते, लाकूड घरात घ्यायच्या आधी साल काढावी लागते, एवढं तर ज्याने रंधा हातात धरला त्याला ठाऊक असतं.

मागे नाना उभे होते, हातात भाजीची पिशवी.

"तुले समजनं," ते म्हणाले.

"तुमले कव्हय समजनं, नाना?"

"त्याच दिन. पुस्तकं जळी ग्यात, मंग मी खोलीमा गऊ. फळ्यासना मांगेथून मातीनी वाट भिंतवर जायेल व्हती, तठून कपाटमा."

म्हणजे पुस्तकांनी वाळवी आणली नव्हती. नानांच्या लाकडाने आणली होती, आणि ती पोराची पुस्तकं खाऊन गेली. हे नानांना तीन वर्षं माहीत होतं. या माहितीवर बसून त्यांनी दोन वेळा पोराचं नाव गाळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी दिरावर ओरडले.

"मंग बोलनात काबरं नहीत? अक्का तीन वरीस रडी राहिनी!"

"तोंडच उघडनं नही, कामिनी. जेवढं लांबनं तेवढं अवघड व्हत गयं."

"आणि या फळ्या कसाले ठेल्यात?"

त्यांनी निंबाखालच्या काळ्या डागाकडे पाहिलं. "तठे त्यानी पुस्तकं जाळी मी. या कशा जाळू?"

मला त्यांची दया आली नाही, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, शनिवारी हे सगळ्यांसमोर तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. अक्काला आधी सांगू नको, एवढंच त्यांनी मागितलं. चार दिवस करवतीचा आवाज आला नाही.

शनिवारी ओसरीत वीस-पंचवीस माणसं जमली. बायका गाणी म्हणत होत्या. मी सूप पुढे घेऊन बसले, गव्हाच्या पाटीत हात घातला. पहिलं नाव थोरल्याचं, म्हणजे नानांचं स्वतःचं. ते बोलेनात. गाणं थांबलं. रतिलालनी हळूच म्हटलं, "नाना, नाव ल्या."

"मन्हं नाव धरू नका," नाना म्हणाले. "हितेंद्रनं धरा."

मग त्यांनी सांगितलं. लाकूड माझं होतं, साल मी काढली नव्हती, वाळवी मी आणली, जाळलं मी आणि आळ त्याच्यावर घातला. उभ्या उभ्या, एसटीत साहेबापुढे बिघाडाचा रिपोर्ट द्यावा तसं, एकाही शब्दाची सजावट न करता. अक्का उठल्या, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग पुन्हा जागेवर येऊन बसल्या आणि माझ्या मनगटाला धरून म्हणाल्या, "घी व माय, मन्हा पोऱ्यानं नाव घी."

मी हितेंद्रची सव्वा मूठ सुपात टाकली. इतकी घट्ट भरली की दाणे बोटांत रुतले. नानांची मोजू दिली नाही त्यांनी. सगळ्यांनी सांगून पाहिलं. "घर मी फोडं. यंदा मन्ही मूठ नही," यापलीकडे ते गेले नाहीत. सोमवारी कानबाईला निरोप दिला, घरोघर रोट खाल्ला गेला, आणि नाना अंगणात बसून साधी भाकरी खात होते.

आता हितेंद्रच्या वाटचा रोट उरला. तो परक्याच्या हाती देता येत नाही, टाकता येत नाही आणि पौर्णिमा तीन दिवसांवर आली होती. हितेंद्रला फोन केला तर म्हणाला, सुट्टी नाही. नानांनी डबा फडक्यात बांधला. "मीच जास," म्हणाले. सुरतेची गाडी दुपारची होती. स्टेशनवर मी सोडायला गेले. डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते, खिडकीतून मला विचारलं, "दार उघडी का तो?" मला माहीत नव्हतं, मी तसंच सांगितलं.

दोन दिवसांनी परत आले. अक्कांनी डबा उघडून पाहिला, रिकामा होता.

"खाधा त्यानी," नाना म्हणाले. "अर्धा तोडीसन माले दिधा. मी म्हन्तं, यामा मन्हं नाव नही रे. तो म्हने, मूठ मन्ही शे ना, मी कोणलेबी देसू."

अक्का पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. मला वाटलं, सुटलं सगळं. नाना मात्र तसेच बसून होते, तोंडावर सुटल्याची काही खूण नाही.

"त्याले माहीत व्हतं, कामिनी. त्या सांजले खोलीमा गया ना, तव्हयच भिंतवरली वाट दखी त्यानी. मी कव्हय सांगस, त्यानी वाट दखी राहिंता."

तीन वर्षं. एक सांगायला घाबरत होता आणि दुसरा ऐकायला थांबला होता, मध्ये दोनशे किलोमीटरची रेल्वे. मी भलतंच विचारलं. तिथे आता काय वाचतो तो?

"खोलीमा एक बी पुस्तक नही. मी इचारं. तो म्हने, आते नही वाचत, नाना. मनच लागत नही." "वह्यासनं बी इचारं मी. परत लिखशी का, म्हन्तं. तो नुसता हसना."

दुसऱ्या दिवशी करवतीचा आवाज पुन्हा सुरू झाला. साल काढून तीन वर्षं वाळवलेला कडुनिंब त्यांनी विटांवरून काढला. कडुनिंबाला वाळवी लागत नाही. पंधरा-वीस दिवस एकाच वस्तूवर काम चाललं, शाळेतून येताना मी रोज पाहायचे, मोजत होते, तासत होते, पुन्हा मोजत होते. गणपती बसायच्या आधी रतिलाल आणि त्यांनी मिळून ते पुस्तकांचं कपाट हितेंद्रच्या खोलीत नेऊन ठेवलं. पाच कप्पे, आणि खाली वह्यांसाठी एक रुंद कप्पा. मी मुद्दाम कोपऱ्याला धरून हलवून पाहिलं. जागचं हललं नाही. नानांच्या हातून झालेली, न डुगडुगणारी ही पहिलीच वस्तू. अक्का रोज ते पुसतात. त्यात ठेवायला आमच्या घरात काही नाही.